न पुसलेला 'त'

"तुझं ते इजिप्शियन कुठवर आलं?" हा प्रश्न आमच्या घरी साधारण "तुझा तो खोकला कसा आहे?" याच सुरात विचारला जातो. मीही "चाललंय आपलं" म्हणून विषय बदलते. पण परवा एका जुन्या मित्राने जेवता जेवता जरा नेटानेच विचारलं. "लिपी शिकतेस ते एक वेळ समजू शकतो. चित्रं आहेत, मजा येत असेल. पण व्याकरण? नामाची रूपं? मेलेल्या भाषेतल्या नामाला कुठला प्रत्यय लागतो याच्याशी आज कुणाला काय देणंघेणं आहे? सगळ्याची भाषांतरं झालीत की. ती वाच ना!"

तेव्हा उत्तर सुचलं नाही. (मला उत्तरं नेहमी भांडी आवरताना सुचतात.) म्हणून आज सविस्तर लिहायला बसले.

आधी थोडं व्याकरण. घाबरू नका, परीक्षा नाहीये. जुन्या इजिप्शियन भाषेत लिंगं दोनच, पुल्लिंग आणि स्त्रीलिंग. आपल्यासारखं नपुंसकलिंग नाही. वचनं मात्र तीन. शाळेत 'रामः रामौ रामाः' घोकलेल्यांना द्विवचन नवं नाही. 'भाऊ' या शब्दाची व्यंजनं 'स-न'. शेवटी 'त' लागला की 'स-न-त', म्हणजे बहीण. 'न-च-र' म्हणजे देव आणि 'न-च-र-त' म्हणजे देवी. दोन भाऊ असले तर शेवटी 'व-य', दोन बहिणी असल्या तर 'त-य'. पुष्कळ भाऊ असले तर नुसता 'व', पुष्कळ बहिणी असल्या तर 'व-त'. संपलं. आपल्या सामान्यरूपांच्या जंजाळापुढे हे म्हणजे अगदीच बालवाडी!

व्यंजनं असं मुद्दाम म्हणतेय, कारण ते लोक स्वर लिहीतच नसत. आज अभ्यासक सोयीसाठी मध्ये 'ए' घालून 'सेन', 'सेनेत' असं वाचतात. तो उच्चार खरा नव्हे, ती नुसती काठी आहे चालायला. खरे स्वर थोडेफार कळतात ते खूप नंतरच्या कॉप्टिकवरून. ही त्याच भाषेची शेवटची अवस्था, ग्रीक अक्षरांत लिहिलेली. तिच्यात भाऊ आहे 'सोन' आणि बहीण 'सोने'. आजही कॉप्टिक चर्चच्या प्रार्थनांमध्ये ती भाषा ऐकू येते. म्हणजे 'मेलेली' हा शब्दसुद्धा जरा जपूनच वापरायला हवा.

स्वर नाहीत म्हटल्यावर एकसारखी व्यंजनं असलेले शब्द ओळखायचे कसे? त्यासाठी शब्दाच्या शेवटी एक मुकं चित्र काढत. ते वाचायचं नाही, नुसतं पाहायचं. बसलेला पुरुष, बसलेली बाई, गावासाठी चौरस्ता असलेलं वर्तुळ, परक्या मुलखासाठी डोंगर. माझी सगळ्यात आवडती चित्रं दोन पक्ष्यांची. दुभंगलेल्या शेपटीची पाकोळी असेल तर 'थोर' हा शब्द, आणि जवळजवळ तसाच पण गोल शेपटीचा चिमणा असेल तर शब्द लहान, क्षुद्र किंवा वाईट अर्थाचा. थोर आणि क्षुद्र यांच्यात फरक एका शेपटीचा. आपल्याकडे 'ध'चा 'मा' झाला असं म्हणतात, तिथे पाकोळीचा चिमणा होत असेल.

आणि अनेकवचन दाखवायला तीन रेघा, किंवा तेच चित्र तीनदा. म्हणजे तीन झाले की पुष्कळ झाले. पाणी, वाइन असल्या मोजता न येणाऱ्या गोष्टींनाही तीन रेघा किंवा तीन लाटा काढत. हे मला फार शहाणपणाचं वाटतं.

आता मुद्द्यावर येते. स्त्रीलिंगाचा तो 'त' ज्या चिन्हाने लिहितात ते चिन्ह म्हणजे एक छोटा पाव. खाली सपाट, वर गोल, बस्स. सबंध लिपीतलं हे एक सगळ्यात साधं चिन्ह. घुबडं, साप, सिंह, गिधाडं यांच्या गर्दीत तो पाव नवशिक्याच्या नजरेतून हमखास सुटतो. माझ्या तर अजूनही सुटतो.

१८२९ साली तो शांपोलियोंच्या नजरेतून सुटला नाही, एवढंच सांगायला ही सगळी प्रस्तावना.

शांपोलियोंने १८२२ मध्ये लिपीचं कोडं सोडवलं हे आपण सगळ्यांनी वाचलेलं असतं. ते सोडवल्यावर तो प्रत्यक्ष इजिप्तला गेला १८२८ मध्ये. पुढच्या वर्षी थीब्जजवळ देर अल-बहरीच्या कड्याखाली एका देवळात शिरला. भिंतीवर एक राजा होता. राजाची ती खोटी दाढी, राजाचा पोशाख, राजाचा मुकुट. नाव अनोळखी, राजांच्या कुठल्याही यादीत नसलेलं. पण त्याला खरं कोड्यात टाकलं ते वेगळ्याच गोष्टीने. या दाढीवाल्या राजाबद्दल जे जे लिहिलं होतं त्यातली नामं आणि क्रियापदं स्त्रीलिंगी होती! जणू एखाद्या राणीबद्दलच लिहिलंय. आपल्याला याचं फारसं नवल वाटणार नाही. मी वर "बसले" लिहिलं तेव्हाच लिहिणारी बाई आहे हे तुम्हाला कळलं असणार, फोटो बघायची गरज पडली नाही. शांपोलियोंपुढे मात्र फोटो एक सांगत होता आणि व्याकरण दुसरंच.

त्याने काय केलं? प्रामाणिकपणे नोंद केली, आपल्याला नवल वाटलं हेही लिहिलं, आणि मग राणीच्या नावाने कारभार पाहणारा तिचा कुणी नवरा असावा अशी एक गुंतागुंतीची मांडणी केली. ती चुकली. १८३२ मध्ये तो गेलाही. पण नोंद बरोबर होती. तो राजा म्हणजे हॅटशेप्सुत. इसवीसनापूर्वी पंधराव्या शतकात वीसेक वर्षं इजिप्तवर राज्य केलेली बाई.

तिच्या नावातच तो 'त' आहे. नावाचा अर्थ 'थोर स्त्रियांमध्ये अग्रणी'. पहिल्या थुतमोसची मुलगी, दुसऱ्या थुतमोसची बायको. तो वारल्यावर लहानग्या सावत्र मुलाच्या, म्हणजे तिसऱ्या थुतमोसच्या नावाने ती कारभार पाहू लागली आणि काही वर्षांतच स्वतः राजा झाली. राजा असंच म्हणतेय, राणी नाही. का, ते सांगते.

इजिप्शियन भाषेत राज्य करणाऱ्या स्त्रीसाठी नामच नव्हतं. 'राजाची बायको' होती, 'राजाची आई' होती, 'राजाची मुलगी' होती. म्हणजे प्रत्येक वेळी आधी कुणीतरी राजा हवा आणि मग त्याची ही अमुक. गंमत म्हणजे लिहितानाही 'राजा' हे चिन्ह आधी काढत, मग वाचताना ते नंतर का येईना. आपण पत्राच्या डोक्यावर 'श्री' लिहितो तशातलाच हा मान. अशा भाषेत एखादी बाई स्वतःच सिंहासनावर बसली तर तिला म्हणायचं काय?

हॅटशेप्सुतने, किंवा तिच्या लेखनिकांनी, काय केलं ते मला फार लोभस वाटतं. 'राजा' हे नाम तसंच ठेवलं. आजूबाजूच्या पदव्यांना मात्र पाव लावले. 'सूर्यपुत्र' ही राजाची ठरलेली पदवी, तिथे 'सूर्यकन्या'. 'दोन्ही भूमींचा स्वामी' असं राजाला म्हणत (ही 'दोन्ही भूमी' म्हणजे वरचा आणि खालचा इजिप्त, आणि तिथे ते द्विवचन येतं), तिथे 'स्वामिनी'. राजाला 'उत्तम देव' म्हणत, तिथे 'उत्तम देवी'. सगळीकडे नाही, काही ठिकाणी पुल्लिंगही आहे. पण जिथे आहे तिथे राजाचं नाम मधे अढळ आणि भोवती स्त्रीलिंगाची प्रभावळ.

हे वाचताना मला २००७ साल आठवलं. प्रतिभाताई पाटील राष्ट्रपती झाल्या तेव्हा 'राष्ट्रपती' शब्दाचं आता करायचं काय, यावर केवढी चर्चा झाली होती! शेवटी काय झालं? नाम तसंच राहिलं आणि क्रियापद बदललं. 'राष्ट्रपती म्हणाल्या.' कुणी समिती नेमली नाही, भाषेने आपली वाट काढली. तशीच ती साडेतीन हजार वर्षांपूर्वीही काढली होती.

पण गोष्ट इथे संपत नाही.

तिसऱ्या थुतमोसच्या राजवटीच्या उत्तरार्धात, म्हणजे हॅटशेप्सुत जाऊन वीसेक वर्षं झाल्यावर, तिचं नाव खोडायला सुरुवात झाली. भिंतींवरून तिची चित्रं छिन्नीने उडवली. पुतळे खड्ड्यांत टाकले. १९२० च्या दशकात न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाच्या लोकांनी त्यांचे तुकडे उकरून काढून जोडले. पूर्वी याला सावत्र मुलाचा सूड म्हणत. पण सूड घ्यायला कुणी वीस वर्षं थांबत नाही, म्हणून आता पुढच्या वारसाहक्काचं कारण अधिक सांगितलं जातं. पुतळ्यांच्या बाबतीत तर २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने म्हटलंय की बरीचशी मोडतोड रागाने नाही, पुतळ्यातली शक्ती काढून घ्यायच्या रीतीने झाली असावी. कारण काहीही असो, परिणाम व्हायचा तो झाला. पहिल्या सेतीच्या काळात आबिडॉसच्या देवळात कोरलेल्या राजांच्या यादीत ती नाही.

नाव खोडणं ही त्यांच्या लेखी साधी गोष्ट नव्हती. 'र-न' म्हणजे नाव, आणि नाव हा माणसाचाच एक भाग. ते उच्चारलं जातंय तोवर माणूस आहे. नाव गेलं की मेल्यावरचं जगणंही गेलं.

पुष्कळ ठिकाणी खोडणाऱ्यांनी तिचं नाव काढून त्या जागी तिच्या बापाचं किंवा नवऱ्याचं नाव कोरलं. काम उरकायचं होतं. नाव बदललं, पण वाक्यातले बाकीचे पाव तसेच राहिले. म्हणजे आता भिंतीवर नाव थुतमोसचं, आणि पुढे तो 'ती' आहे, 'कन्या' आहे, 'स्वामिनी' आहे! शांपोलियोंसारखा माणूस त्या भिंतींपुढे गोंधळला तो याच घोटाळ्यात, आणि पुढे अभ्यासकांना खऱ्या मालकिणीचा माग लागला तोही याच घोटाळ्यातून.

आणखी एक. बोलण्यात हा शेवटचा 'त' तिच्या काळापर्यंत बहुतेक गळून गेला होता. पुढे सर्वनामाचं शेपूट लागलं तरच ऐकू यायचा. लोक 'त' म्हणत नव्हते पण लेखनिक लिहीत होते, जुनी रीत म्हणून. आपल्याकडे 'केलें', 'गेलीं' यांवरचे अनुस्वार होते ना, उच्चारात नसलेले? १९६२ च्या शुद्धलेखनाच्या नियमांनी ते काढून टाकले. शाळेतल्या मुलांची सुटका झाली, मीही त्यातलीच, तक्रार नाही. पण जुनी पुस्तकं वाचताना तो टिंब एखाद्या वाक्यात अर्थाचा गुंता सोडवून जातो तेव्हा वाटतं, निरुपयोगी म्हणून फेकताना आपण जरा घाईच करतो का?

आता एक कबुली. व्याकरणावर असा भाबडा विश्वास ठेवण्यातही धोका आहे. शब्दाचं लिंग पाहून लगेच समाजाबद्दल सिद्धांत मांडणारे लोक मला आवडत नाहीत. इजिप्शियनमध्ये परक्या देशांची नावं स्त्रीलिंगी, गाव स्त्रीलिंगी, वीट स्त्रीलिंगी. म्हणून विटेत काही बायकी आहे असं कुणी समजू नये. आपल्याकडेही वीट 'ती' आणि दगड 'तो', त्यात कसलं तत्त्वज्ञान? (या विटेची मात्र एक गंमत सांगितल्याशिवाय राहवत नाही. तिचा शब्द 'ज-ब-त'. कॉप्टिकमध्ये 'त' गळून 'तोबे', अरबीत 'तूब', अरबांबरोबर स्पेनमध्ये गेल्यावर 'अडोबी', म्हणजे मातीची कच्ची वीट. आणि कॅलिफोर्नियातल्या अडोबी नावाच्या ओढ्यावरून त्या सॉफ्टवेअर कंपनीचं नाव पडलं. पीडीएफ उघडताना नाईलकाठची वीट आठवा!)

तेव्हा नुसतं रूप काही सांगत नाही, हे मान्य. मी विटेला 'ती' म्हणते कारण मला दुसरा पर्यायच नाही. पण जिथे पर्याय होता, रुळलेलं रूप हाताशी होतं, आणि तरी कुणीतरी वेगळं रूप लिहिलं, तिथे थांबून पाहायला हवं. 'सूर्यपुत्र' हा शतकानुशतकं घासून गुळगुळीत झालेला शब्द होता. तिथे मुद्दाम एक पाव वाढवणं ही चूक नव्हे, तो निर्णय आहे.

उलट उदाहरणही आहे, खोडण्याचं. हॅटशेप्सुतनंतर शंभरेक वर्षांनी अखेनातेन आला. त्याला एकच देव हवा होता, सूर्यबिंबाचा. त्याच्या माणसांनी आमून देवाचं नाव देशभर छिन्नीने उडवलं, अगदी अखेनातेनच्या स्वतःच्या बापाच्या नावातूनसुद्धा (आमेनहोतेप, त्यात आमून आहेच). आणि काही ठिकाणी त्यांनी आणखी एक शब्द खोडला. तो शब्द होता 'देव' या नामाचं अनेकवचन. कुठल्या एका देवाचं नाव नाही, नुसतं 'देव', पुष्कळ. त्या तीन खुणा त्याला सहन होईनात. 'आई' हा शब्द गिधाडाच्या चित्राने लिहीत, पण तेच चित्र मूत देवीचंही, म्हणून 'आई'सुद्धा वेगळ्या अक्षरांनी लिहू लागले. एका राजाला नामाच्या वचनाची भीती वाटली, आणि माझा मित्र विचारतो, प्रत्ययाशी कुणाला काय देणंघेणं आहे!

भाषांतर वाच ना, या सल्ल्याला माझं उत्तर हेच. भाषांतर मीही वाचते, जन्मभर वाचत राहीन. पण भाषांतरात ती 'राणी हॅटशेप्सुत' होऊन येते. मराठीत 'राणी' म्हणजे राज्य करणारीही आणि राजाची बायकोही. ज्या दोन गोष्टींत तिने स्वतः आयुष्य पणाला लावून फरक केला, त्या आपण एका शब्दात परत एकत्र करून टाकतो. हेतू वाईट नसतो, उलट कौतुकच असतं. पण थुतमोसच्या पाथरवटांनी छिन्नीने जे केलं तेच आपण आदराने करतो. माझं मत विचाराल तर मराठीत तिला सरळ 'राजा' म्हणावं आणि क्रियापद स्त्रीलिंगी लावावं. 'राजा हॅटशेप्सुत म्हणाली.' कानाला खटकेल. खटकू दे. तिच्या काळच्या लेखनिकालाही खटकलं असेल, तरी त्याने लिहिलं.

हे सगळं मी मित्राला फोन करून सांगितलं. तो म्हणाला, "बरं, पटलं. पण आपल्याला काय त्याचं?"

त्याला जे सांगितलं नाही ते इथे लिहिते.

गेल्या दिवाळीच्या आधी माळा आवरताना एक पितळी डबा सापडला. आजीचा. आमच्याकडे भांड्यांवर नावं घालायची पद्धत, तसं त्यावर ठिपक्याठिपक्यांनी एक नाव कोरलेलं होतं. आधी 'कु.', मग एक नाव, मग वडिलांचं नाव आणि आडनाव. मी दहादा वाचलं. हे नाव मी जन्मात ऐकलं नव्हतं. आईला विचारलं तर ती म्हणाली, "अगं, ते त्यांचं माहेरचं." लग्नात ताटातल्या तांदळांवर अंगठीने नवं नाव लिहितात ना, त्या दिवसापासून आजी दुसरी कुणीतरी झाली. रेशनकार्डावर तेच, पासबुकावर तेच, वर्तमानपत्रातल्या चार ओळींत तेच. पहिलं नाव कुणी रागाने खोडलं नव्हतं. रीतच होती तशी. आजीलाही त्यात काही वावगं वाटलं नसावं, निदान ती कधी बोलली नाही. आणि आम्हीही कधी विचारलं नाही.

डबा मात्र माहेरून आलेला. त्यावरचं नाव काढायचं कुणाला सुचलं नाही, आणि साठ-सत्तर वर्षं चिंच लावून घासूनही ते गेलं नाही. नावाआधीचं ते 'कु.'सुद्धा शाबूत आहे. ती कुणाची तरी सौ. व्हायच्या आधीचं एक अक्षर.

ते नाव इथे लिहीत नाही. पण घरात मी ते आता मोठ्याने घेते. आई पहिल्यांदा दचकली होती, परवा तीही सहज म्हणून गेली. डब्यात सध्या पोहे आहेत.